आत्याच्या कपाटासाठी फोटो-मॅग्नेट : कामाच्या नोंदी

रविवार, ६ जुलै २०२५

आषाढीच्या फराळाला सगळे जमलो होतो, तेव्हा आत्याला काय द्यायचं हा विषय निघाला. तिची पंच्याहत्तरी एप्रिलमध्येच झाली, पण तेव्हा लग्नसराई आणि मुलांच्या परीक्षा यांत कुणालाच चिपळूणला जाता आलं नाही. आता गणपतीत सगळं घर तिकडे जमणार, तेव्हाच काय ते द्यायचं.

साडी दिली की आत्या ती घडी न मोडता ठेवून देते आणि पुढच्या लग्नात तीच साडी आहेर म्हणून कुणाच्या तरी हातात पडते. चांदीचं काही दिलं तर ते लॉकरमध्ये. मोठी फ्रेम द्यावी तर चिपळूणच्या पेठमापातल्या तिच्या घराच्या भिंतींना अजून ओल येते. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं. तळमजला पार बुडाला, माणसं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होती म्हणून वाचली. अल्बम मात्र खाली, पलंगाच्या खणात होते. गाळ उपसताना सापडले तेव्हा पानं एकमेकांना चिकटून घट्ट झाली होती. त्या घाईत कोण सोडवत बसणार? बाकीच्या सामानाबरोबर तेही रस्त्यावरच्या ढिगात गेले.

आत्याचे बरेच फोटो आमच्या सगळ्यांकडे आहेत, कारण ती प्रत्येक फोटोच्या जादा प्रती काढून भावांना टपालाने पाठवायची. तेव्हा ठरलं असं: ते गोळा करायचे आणि त्यांचे मॅग्नेट करायचे. नवा अल्बम करून दिला तर तो पुन्हा खणातच जाणार. मॅग्नेट डोळ्यांसमोर राहतील.

काम माझ्याकडे आलं. हौस माझी, असं म्हणून सगळे मोकळे झाले.

बुधवार, ९ जुलै

फोटो नंतर. आधी हे चिकटणार कुठे ते बघायला हवं. फ्रिज मॅग्नेट म्हणून बाजारात मिळणाऱ्या निम्म्या वस्तू फ्रिजला नीट धरत नाहीत, हे आमच्याच घरात बघते आहे.

दादाला (आतेभावाला) व्हिडिओ कॉल लावला आणि घरात असेल तो मॅग्नेट घेऊन फिरायला सांगितलं. पुरानंतर घेतलेला फ्रिज काचेच्या दरवाजाचा निघाला. पुढच्या बाजूला मॅग्नेट टेकवला की सरकत खाली. चुंबक आणि पत्रा यांच्यातलं अंतर जरासं वाढलं तरी ओढ झपाट्याने कमी होते, आणि काचेची जाडी म्हणजे मॅग्नेटच्या हिशेबात फारच मोठं अंतर. फ्रिजच्या कडेचा पत्रा धरतो, पण एक बाजू भिंतीला आणि दुसरी धान्याच्या डब्यांना लागून. उपयोग शून्य.

स्वयंपाकघरातली मांडणी स्टीलची आहे, तिलाही धरेना. वहिनीला आश्चर्य वाटलं. चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील, ज्याला कारखान्यात ३०४ म्हणतात, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे धातूची आतली रचनाच अशी होते की चुंबक त्याला जवळजवळ धरत नाही. ४३० नावाच्या प्रकारात निकेल नसल्यात जमा, म्हणून तो धरतो. वहिनीने लगेच सगळे डबे तपासायला घेतले आणि कॉल पंधरा मिनिटं त्यातच गेला. लग्नात आलेला एक मोठा डबा चुंबकाला टक्ककन चिकटला, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. ज्या नातेवाइकांनी तो दिला त्यांचं नाव इथे लिहीत नाही.

शेवटी दादा आतल्या खोलीत गेला. लोखंडी कपाट. तेच जुनं, पुरात दोन दिवस पाण्यात उभं राहिलेलं. नंतर घासून, प्रायमर मारून, ऑइलपेंट दिलेला आहे. मॅग्नेट टेकवला आणि खट्‌कन बसला. आत्याच्या पलंगावरून हे कपाट समोर दिसतं, फ्रिज दिसत नाही. म्हणजे जागा आपोआपच ठरली. ऑइलपेंटचे थर जाड आहेत, दादा म्हणाला दोन हात तरी दिले असतील. तेवढा जोर चुंबकात धरायला हवा.

रविवार, १३ जुलै

फोटो गोळा करणं सुरू. धाकट्या काकूच्या घरी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सगळ्यात मोठा साठा मिळाला.

त्यातले सगळ्यात जुने चौकोनी आहेत, जेमतेम सहा सेंटिमीटरचे, पांढऱ्या कडेचे. आतोबांकडे आग्फा क्लिक-३ होता. त्यात १२० ची फिल्म जायची आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघायचे. मोठं करून घेण्याचे पैसे वाचवायला लोक निगेटिव्हच्याच मापाची प्रिंट काढून घ्यायचे. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेली असल्यामुळे ती अजूनही चांगली रेखीव आहेत. कॅमेऱ्याची भिंग साधी होती, पण मोठं न केल्यामुळे तिचे दोष दिसायला वावच मिळाला नाही. मॅग्नेटसाठी हे माप आयतंच आहे.

रंगीत फोटोंची गत वेगळी. सत्तरच्या अखेरचे आणि ऐंशीच्या सुरुवातीचे बहुतेक लाल पडलेत. त्या काळच्या रंगीत कागदात सायन, म्हणजे निळसर रंगद्रव्य सगळ्यात आधी उडायचं, अगदी अंधारात ठेवलं तरी. राहतो तो लाल-पिवळा. गंमत म्हणजे त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षं जुने कृष्णधवल फोटो खणखणीत आहेत, कारण त्यांत रंगद्रव्य नाही, चांदी आहे.

आजचा सगळ्यात मोठा शोध: आत्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोर बसलेली. कानाला हेडसेट, दोन्ही हातांत कॉर्ड, समोर खाचांच्या रांगा. मान अर्धी वळवून फोटो काढणाऱ्याकडे बघते आहे आणि चेहऱ्यावर स्पष्ट वैताग. तेव्हा टेलिफोन डाक-तार खात्याकडे होते, मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार होते, लाइटनिंगला पैसे सगळ्यात जास्त. आत्या सांगते की लाइटनिंग कॉल आला की ऑपरेटरच्याच पोटात गोळा यायचा, कारण तो बहुधा वाईट बातमीचा. फोटोच्या मागे तिच्याच अक्षरात: "चि. बाळास. कामावर असताना कुणी फोटो काढू नये." बाळ म्हणजे माझे बाबा. ते हसून म्हणाले की काढणारे आतोबाच होते.

काकूला वाटतं हा फोटो घेऊ नये, त्यात आत्या रागावलेली दिसते. तिने साखरपुड्याचा काढून दिला, ज्यात आत्या खाली बघते आहे आणि कुणीही असू शकते. मी एक्स्चेंजचाच घेणार. ज्या फोटोत माणूस चांगला दिसतो आणि ज्या फोटोत माणूस तोच असतो, ते दर वेळी एक नसतात.

शनिवार, १९ जुलै

स्कॅनिंग.

मूळ फोटो कापायचा नाही, चिकटवायचा नाही, हा नियम सगळ्यांना लेखी कळवलाय. ज्याचा फोटो त्याला परत जाणार.

सगळं ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. हिशेब सोपा आहे: जुन्या फोटोतला एक सेंटिमीटरचा चेहरा ६०० वर स्कॅन केला की २३६ पिक्सेल मिळतात. तोच चेहरा मॅग्नेटवर दोन सेंटिमीटरचा, ३०० डीपीआयने छापायचा तर तेवढेच लागतात. याहून मोठा चेहरा करायला गेलं की कागदाचे कण दिसायला लागतात.

जाळीदार पृष्ठभागाच्या कागदावरचे फोटो (सिल्क फिनिश म्हणायचे त्याला) स्कॅनरवर त्रास देतात, प्रत्येक उंचवट्यावर प्रकाश चमकतो. ते स्कॅनरवर न घेता गॅलरीत ढगाळ उजेडात सपाट ठेवून मोबाइलने काढले. पावसाळी आभाळ या कामाला फार चांगलं.

मोठ्या काकांकडचा एक फोटो फ्रेममध्ये काचेला चिकटला आहे. त्यांना तो सोलून काढायचा होता. काढू दिला नाही. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, ओलीने तो मऊ होतो आणि काचेला धरतो. ओढला तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकट स्कॅनरवर ठेवला, चांगला आला. आत्याच्या अल्बमांचंही हेच झालं होतं. भिजलेले फोटो वाळायच्या आत स्वच्छ गार पाण्यात ठेवून एकेक सोडवले आणि वेगवेगळे वाळवले तर पुष्कळदा वाचतात, गठ्ठ्यात वाळले की संपलं. पण घरात गुडघाभर गाळ आणि प्यायलाच पाणी नाही अशा वेळी स्वच्छ पाणी फोटोंसाठी कोण काढणार? चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातल्या पुस्तकांचीसुद्धा त्या पुरात दैना झाली, तिथे घरातल्या अल्बमांचं काय.

रंगदुरुस्ती: लाल कमी, सायन थोडा वर. त्वचा माणसाची दिसली की थांबायचं. साडीचा खरा रंग कोणता होता यावर काकू आणि आई यांचं एकमत होईना, मी मधला ठेवला.

भाच्याने एका अॅपमधून आजोबांचा फोटो "सुधारून" पाठवला. डोळे लखलखीत, दात एकसारखे. माणूस दुसराच. आजोबांचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता आणि ते तो लपवायला ओठ मिटून हसायचे. अॅपने तोंड उघडून दिलं. तो फोटो लगेच काढून टाकला आणि भाच्याला सांगितलं की ओरखडे आणि डाग काढ हवं तर, चेहऱ्याला हात लावू नकोस.

शनिवार, २६ जुलै

मुंबईतला अब्दुल रहमान स्ट्रीट. पावसात तिथे जाणं म्हणजे छत्री उघडायची सोय नाही आणि मिटायचीही नाही, पण क्राफ्टचं सामान एका गल्लीत सगळं मिळतं ते तिथेच.

काय आणलं: काचेचे गोल, एका बाजूने सपाट आणि दुसरीकडून फुगीर, ३० मिलिमीटरचे. फेराइटचे, म्हणजे साधे काळे, गोल चुंबक, २० मिलिमीटरचे. आणि मॅग्नेट शीट, एका बाजूला गम असलेली, दोन जाडींत.

दुकानदार निओडिमियमचे चुंबक काढून दाखवत होता. दहा मिलिमीटरची चकती, पण दोन एकत्र आल्या की नखाने सुटत नाहीत. लोह, बोरॉन आणि निओडिमियम यांचं हे मिश्रण १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी तयार झालं आणि घरी मिळणाऱ्या चुंबकांत त्याच्याएवढा जोर दुसऱ्या कशात नाही. ऑइलपेंटमधून तो सहज धरला असता. तरी घेतला नाही, दोन कारणांनी.

पहिलं कारण दीड वर्षाचं आहे. आत्याचा पणतू गणपतीत असणार आणि सध्या त्याच्या तोंडात जे जाणार नाही असं काही उरलेलं नाही. असे दोन छोटे चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली आतडी चिमटली जाते आणि भोक पडतं. लगेच ऑपरेशनची वेळ येते. फेराइटमध्ये तेवढा जोर नाही. पण ३० मिलिमीटरचा गोलसुद्धा त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून सगळे मॅग्नेट कपाटाच्या वरच्या अर्ध्या भागातच लावायचे हे वहिनीला आत्ताच सांगून ठेवलं.

दुसरं कारण आतोबा. त्यांना पेसमेकर आहे. पेसमेकरजवळ चुंबक आला की तो हृदयाचे ठोके ऐकणं थांबवून ठरावीक गतीने ठोके द्यायला लागतो, आणि चुंबक दूर गेला की पूर्ववत होतो. डॉक्टर तपासणीत मुद्दाम तसं करतात. म्हणून चुंबक छातीपासून वीतभर, म्हणजे किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवावा असं सांगतात. कपाटावरच्या फेराइटचा त्रास नाही. पण आतोबांना सवय आहे, हातात आलेली वस्तू सदऱ्याच्या खिशात टाकायची. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून देणार: खिशात ठेवू नये.

घरी आल्यावर शीटशी खेळत बसले. शीटचे दोन तुकडे काळ्या बाजूने एकमेकांवर ठेवून सरकवले की एका दिशेने गुळगुळीत जातात आणि दुसऱ्या दिशेने कट-कट-कट असे उड्या मारत. बोटांना प्रत्येक उडी कळते. रबरात फेराइटची पूड मिसळून ही शीट करतात आणि तिच्यावर उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे अरुंद पट्टे चुंबकित करतात. उडी म्हणजे एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाणं. पट्टे अशा रीतीने दिलेले असतात की जोर जवळजवळ सगळा एकाच बाजूला निघतो, म्हणूनच फोटो लावायची बाजू मरगळलेली असते. पट्टे जवळजवळ असल्यामुळे जोर पृष्ठभागापासून फार लांब पोचत नाही. पातळ पत्र्याला उत्तम, जाड रंगाला कमी.

आमच्या कपाटावर करून बघितलं. पातळ शीट फोटोला धरते, पण फोटोखाली महावितरणचं बिल अडकवलं की दोघेही घसरतात. जाड शीट बिल धरते. आत्या बिल अडकवणारच, तेव्हा जाड शीट. फेराइटचा गोल लग्नपत्रिकासुद्धा पेलतो.

शनिवार, २ ऑगस्ट

छपाईची चाचणी. आजचा दिवस सगळ्यात उपयोगी ठरला.

गोलांसाठी कागद काचेच्या सपाट बाजूला चिकटवायचा असतो, चित्र काचेकडे. म्हणजे ग्लू चित्र आणि काच यांच्या मध्ये येतो. एकच फोटो तीन प्रकारे छापून घेतला.

घरच्या इंकजेटची शाई पाण्यात विरघळणारी. पांढरा ग्लू लागताच आत्याच्या केसांचा काळा रंग जांभळा होऊन कपाळावर उतरला. बाद.

फोटो लॅबची प्रिंट रंगाला सगळ्यात सुंदर, शाई उतरण्याचा प्रश्नच नाही. पण त्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. एका बाजूला काच, दुसरीकडे प्लॅस्टिक, मधल्या ग्लूतलं पाणी जाणार कुठून? कडेचा ग्लू पारदर्शक झाला आणि मधोमध पांढरा ढग तसाच राहिला.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाडसर गुळगुळीत कागदावर काढलेली रंगीत लेझर प्रिंट जिंकली. टोनर पाण्याला दाद देत नाही आणि कागद मागून श्वास घेतो. रात्रभरात, पावसाळा असूनही, काचेखाली चित्र स्वच्छ दिसायला लागलं. रंग लॅबइतके खोल नाहीत, पण फुगीर काच चित्राला थोडं मोठं आणि उजळ करते, त्यात भरून निघतं. कृष्णधवल फोटो तर लेझरवर जास्तच छान वाटतात.

मग वाटणी ठरली. एक-दोन चेहऱ्यांचे फोटो काचेच्या गोलांत, लेझर प्रिंटवर. समूहाचे फोटो लॅबमधून छापून, आयताकृती, जाड मॅग्नेट शीटवर. गमाची शीट असल्यामुळे तिथे पाण्याचा ग्लूच नाही. परशुरामच्या देवळासमोरचा चौदा जणांचा फोटो ३० मिलिमीटरच्या गोलात घातला असता तर एकेकाचा चेहरा दोन मिलिमीटरचा झाला असता. आत्याला ते भिंग घेऊनच बघावं लागलं असतं.

भाच्याचं म्हणणं, सगळेच गोल करू, "एक सेट" दिसेल. दिसू दे वेगवेगळे.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. सकाळी झेंडावंदन, मग दिवसभर हेच.

गोलाची रीत, पुन्हा कधी करायचं झालं तर: काच आधी साबणाच्या पाण्याने धुवायची, पुसायची, मग सपाट बाजूला बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा काचेखाली कायमचा राहतो आणि फुगीर काच तो मोठा करून दाखवते. फेविकॉलचा मसुरीएवढा थेंब काचेच्या मधोमध. कागद गोल न कापता चौकोनीच ठेवायचा, चित्र खाली करून थेंबावर टेकवायचा आणि अंगठ्याने मधून बाहेर दाबत न्यायचं. काच उलटून बघायची. हवेचा बुडबुडा असेल तर तो चांदीच्या टिकलीसारखा चमकतो, त्याला कडेपर्यंत ढकलायचं. जास्तीचा ग्लू कडेने बाहेर आला पाहिजे, आला नाही तर कमी पडलाय. सुकल्यावर कडेने कात्री फिरवायची. मग कागदाच्या पाठीला आणि कडेला पारदर्शक वॉर्निशचा हात, म्हणजे कोकणातली दमट हवा कडेतून आत शिरणार नाही.

चेहरा बरोबर मध्ये हवा. कडेला काच वळते, तिथलं चित्र वाकतं. कडेला पदर, झाड, दाराची चौकट असं काहीही चालतं, डोळा चालत नाही.

चुंबक मागे चिकटवायला झटपट चिकटणारा ग्लू घेऊ नये. त्याची वाफ काचेवर बसून पांढरट धुकं उमटतं, शिवाय तो ठिसूळ असतो, मॅग्नेट कपाटावर टक्कन आपटला की चुंबक कपाटावर आणि फोटो जमिनीवर. दोन नळ्यांतून सारखं मिसळून लावायचा इपॉक्सी, अरल्डाइट, त्यालाच घेतलं. चुंबकाची बाजू पॉलिश पेपरने खरवडून घेतली. पूर्ण ताकद यायला एक दिवस जातो.

या एका दिवसात चुंबक एकमेकांकडे सरकतात ही खरी अडचण. वहिनीच्या तपासणीतून सुचलेला उपाय केला: चुंबकाला धरणारी जुनी परात घेतली, गोल काच खाली आणि चुंबक वर असे हातभर नाही तरी चार बोटं अंतराने ठेवले. परातीची ओढ त्यांना जागेवर धरून ठेवते. आपल्या घरची एक तरी परात "हलक्या" स्टीलची निघाली याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

काल आणि आज पावसाने मुंबई-ठाण्याला झोडपून काढलं. लोकल बंद, ऑफिस घरूनच. वेळ होता म्हणून आयतांवर रेझिनचा चकचकीत थर देऊन बघावा असं भाच्याच्या मनात आलं, त्याने एकावर ओतला. दमट हवेत इपॉक्सी रेझिनच्या वर तेलकट, धुरकट साय धरते. कडेने ते कागदात झिरपून गडद डागही पडले. रेझिन रद्द. आयतांवर साधं मॅट लॅमिनेशन केलं, त्यावर ट्यूबलाइट चमकत नाही, पलंगावरून बघायला तेच बरं.

शनिवार, २३ ऑगस्ट

मागची लेबलं. हे काम सगळ्यात वादाचं.

प्रत्येक मॅग्नेटच्या मागे मावेल तेवढं: साल, जागा, नावं. गोलांच्या मागे चुंबकामुळे जागाच नाही, म्हणून आकडा घातला आणि आकड्यांची यादी वेगळ्या कागदावर, मोठ्या टाइपात. कुटुंबाच्या ग्रुपवर एकेक फोटो टाकून खातरजमा केली. परशुरामच्या फोटोत डावीकडून तिसरा कोण यावर काल रात्री अकरापर्यंत चर्चा चालली. मोठे काका म्हणाले तो मी नव्हेच, काकू म्हणाली सदरा तुमचाच आहे. चिपळूण स्टेशनवरचा फोटो कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर सुरू झाली त्या वर्षीचा, १९९८ चा, यावर मात्र लगेच एकमत झालं, कारण त्या वेळी सगळे जण निव्वळ गाडी बघायला गेले होते.

एक्स्चेंजच्या फोटोवर साल नव्हतं. बाबा आणि काका मिळून १९७८ वर आले. तेच लिहिलं.

बांधणी: जाड पुठ्ठ्यावर पत्र्याचा तुकडा लावून त्यावर सगळे मॅग्नेट मांडले, वरून पातळ फोम. प्रवासात ते एकमेकांवर आपटत नाहीत. फेराइट चिनी मातीसारखाच भाजलेला असतो, आपटला की कड उडते.

मंगळवारी पहाटे दिवा–सावंतवाडी. पुठ्ठा माझ्या मांडीवर, मोदकाचं सारण आईच्या.

सोमवार, १ सप्टेंबर

चिपळूण. आज गौरीपूजन, घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला, जेवणं आटोपल्यावर पुठ्ठा आत्याच्या हातात दिला.

पहिल्यांदा तिने चष्मा बदलला. मग एकेक उचलून मागे बघायला लागली. पुढचा फोटो नाही, मागचं. यादीतले आकडे तिने स्वतः जुळवले, आम्हाला मध्ये बोलू दिलं नाही. मोठ्या काकांचा वाद तिने एका वाक्यात मिटवला: सदरा त्यांचा, माणूस शेजारचा, तो कपडे न घेताच सहलीला आला होता.

कपाटावर सगळे बसले. ऑइलपेंट जाड आहे तिथे आयत थोडे हलके वाटतात, गोल पक्के. खालच्या अर्ध्या भागात एकही नाही. पणतूने बघितलं, हात वर केले, पोचला नाही, रडला, मग मोदकावर निभावलं. आतोबांनी स्टेशनचा आयत उचलून खिशाकडे नेला, तेव्हा चार जण एकदम ओरडले.

संध्याकाळपर्यंत आत्याने मांडणी बदलली होती. आम्ही सालाप्रमाणे लावले होते, तिने माणसांप्रमाणे लावले: भाऊ एका ओळीत, एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी दुसऱ्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी साखरपुड्याच्या गोलाखाली अडकवली. एक्स्चेंजचा गोल सगळ्यात वर, तिच्या नजरेच्या रेषेत.

त्याची यादी मात्र तिने पेनाने दुरुस्त केली. १९७८ नव्हे, ७९, तो बोर्ड त्याच वर्षी बसला, असं तिचं म्हणणं. बाबांनी वाद घालून पाहिला. ती म्हणाली, मी तिथे बसायचे, तू नाही.

डोंबिवलीला गेल्यावर यादी पुन्हा छापून पाठवायची आहे. शिवाय मोठ्या काकूने तिच्या माहेरचे फोटो एका पिशवीत घालून माझ्याकडे दिलेत, त्यातले दोन काचेला चिकटलेले आहेत. ३० मिलिमीटरचे गोल संपले, फेराइट थोडे उरलेत.